हक्काची बायको

कंपनीच्या पत्रात ओपलमावशीचा उल्लेख ‘ऑर्विल लेडबेटर यांची पत्नी असल्याचा दावा करणारी व्यक्ती’ असा होता. मी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीने मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नेवा, दावा म्हणजे काय गं? चौतीस वर्षं त्याचे मोजे रफू केले मी. ते काय दावा म्हणून केले?”

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिथल्या खिडकीतून तिच्याच कुरणातली विहीर दिसते. पाण्याची नव्हे, वायूची. चार वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली, कुंपण तोडलं, रात्रंदिवस धडधड करून आमच्या गायींचं दूध आटवलं आणि जमिनीच्या पोटातून काय निघायचं ते काढायला लागली. तेव्हापासून शेजारच्या प्रूइट लोकांना दर महिन्याला चेक येतो. जमिनीखालचं जे विकलं जातं त्यातला धन्याचा वाटा, त्याला सगळे रॉयल्टी म्हणतात. प्रूइटांच्या थोरल्याने त्यातून नवी पिकअप घेतली आणि चर्चच्या दारात तो ती अशी लावतो की येणाऱ्या प्रत्येकाने वळसा घालून जावं. मावशीच्या वाट्याचा एक छदाम आला नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं: तुमचे पैसे सुरक्षित आहेत, फक्त टांगणीवर आहेत.

चार वर्षं टांगून झाल्यावर आता त्यांनी कारण कळवलं होतं. जमिनीखालचा हक्क ऑर्विलकाकाच्या नावावर. काका गेला १९७९ साली. आमच्या खोऱ्यात माणूस गेला की त्याला पुरतात, गावजेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी बायको गायींना चारा घालायला जाते. कोर्टातून वारसाचा कागद करून घ्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. कुणाचं काय आहे ते सगळ्यांना ठाऊकच असतं ना! पण कंपनीला ठाऊक नव्हतं. त्यांचा कागद धुंडाळणारा माणूस काउंटीच्या कोर्टात जाऊन बसला आणि त्याने १९४३ सालचा एक लग्नाचा परवाना हुडकून काढला. नवरा मुलगा ऑर्विल लेडबेटर. नवरी मुलगी व्हेडा स्पर्लॉक.

व्हेडाचं नाव आलं तशी मावशी उठली आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली.

“झालं होतं का गं त्यांचं लग्न?” मी भीत भीतच विचारलं.

“नाही.”

“तुला कसं माहीत?”

“ऑर्विलने सांगितलं.”

“आणि त्याने खोटं सांगितलं असेल तर?”

फडकं थांबलं. “नेवा जीन, तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस म्हणून तुला उद्याही इथे कॉफी मिळेल. आता घरी जा.”

मी गेले. मी शाळेची बस चालवते, चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करते, पण ओपलमावशीपुढे माझं काही चालत नाही.

मुळात त्या परवान्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. आमच्याकडची रीत अशी की परवाना कोर्टातून घ्यायचा, पाद्र्याने लग्न लावून त्यावर सही करायची आणि तो परत कोर्टात नेऊन द्यायचा. पण त्या काळचे आमचे पाद्री घोड्यावरून चार गावं सांभाळायचे. परवाना बायबलमध्ये खोचायचे आणि विसरून जायचे. मग कधीतरी कुणाच्या तरी मयतीला बायबल उघडलं की कुणाचं तरी लग्न खाली पडायचं. माझ्या सख्ख्या आजी-आजोबांच्या परवान्यावर सही नाही आणि त्यांना नऊ मुलं झाली. व्हेडा आणि ऑर्विलच्या परवान्यावरही सही नव्हती. म्हणजे लग्न झालं नसेल, किंवा झालं असेल आणि पाद्री विसरला असेल. घटस्फोटाचा कागद तर कुठेच नव्हता. झालं असेल आणि मोडलं नसेल, तर ओपलमावशी चौतीस वर्षं कोणाची कोण होती?

आणि तिला मूलबाळ नाही. म्हणजे ऑर्विलची बायको असणं हेच तिच्याकडे होतं, आणि तेच त्या पत्राने काढून घेतलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिला वकिलाकडे नेलं. बर्ल किर्बी हा आमच्याच चर्चमधला, पोट सुटलेला, सावकाश बोलणारा माणूस. पण डोकं तल्लख. त्याने पत्र वाचलं आणि खुर्चीत रेलला.

“ओपल, राज्याचा कायदा सरळ आहे. माल विकायला लागल्यापासून सहा महिन्यांत धन्याला पैसे सुरू करायचे. नाही केले तर बारा टक्के व्याज, आणि ते दर वर्षी मुद्दलात मिळवत जायचं. पण मालकीचा कागद स्वच्छ नसेल तर निम्मंच. सहा टक्के. इथंच घोडं पेंड खातं.”

“मला व्याज नकोय,” मावशी म्हणाली.

“कंपनीला ते वाचवायचंय ना! व्हेडाशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त शंका हवी आहे. शंका जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं तुझा पैसा त्यांच्याकडे स्वस्तात राहील. आणि बघ, त्यांनी तडजोडही कळवली आहे. मुद्दल आणि सहा टक्के आत्ता घे आणि या कागदावर सही कर.”

“काय लिहिलंय त्यात?”

बर्लने घसा साफ केला. “की पत्नीपणाचा वाद तू सोडून देतेस. पैसे घेतेस ते वाद न वाढवता, इतकंच.”

मावशीने हात पुढे केला, कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. “सिगारेट पेटवायला होईल,” ती म्हणाली. ती सिगारेट ओढत नाही.

“दगडावर नाव आहे ना तिचं!” मी मध्येच बोलले. “कबरस्तानात जाऊन बघा म्हणावं. काळ्या दगडावरची रेघ आहे!”

ते खरं होतं. काका गेला तेव्हा मावशीने जोडदगड घेतला होता. डाव्या अर्ध्यावर तो, उजव्या अर्ध्यावर ती. ‘ओपल, त्याची पत्नी, १९२४ – १९’. पुढचे दोन आकडे मागाहून कोरायचे. शतकाचे आकडे आत्ताच कोरले तर स्वस्त पडेल, असं पाथरवटाने सांगितलं आणि तिने ऐकलं. पुढे शतक संपलं, पण मावशी संपली नाही. गेली बारा वर्षं ती त्या दगडाकडे बघून म्हणते, “शहाण्याने माझ्यावर पैज लावली होती.”

“दगडावर काय कोरायचं ते पैसे देणारा ठरवतो,” बर्ल म्हणाला. “कोर्ट त्याला पुरावा मानत नाही. त्या लग्नाबद्दल सांगू शकेल असं आता एकच माणूस जिवंत आहे. आणि बायको नव्हते म्हणाली तर ते तिच्या स्वतःच्या खिशाविरुद्ध असेल, म्हणून कोर्ट ऐकेल. बायको होते म्हणाली तर सगळा पैसा तिचा. नव्हते म्हणाली तर तिला शून्य.”

“मी मरेन, पण त्या बाईच्या दारात जाणार नाही.”

“मेलीस तर काम आणखी अवघड होईल,” बर्ल म्हणाला.

आता व्हेडाबद्दल सांगायला हवं. व्हेडा स्पर्लॉक टर्टल ओढ्याच्या पलीकडे राहते, मावशीच्या दारापासून दीड मैलावर. लग्न केलं नाही. खानावळ चालवली, मेंढ्या पाळल्या, आता दोन कुत्री पाळते. दोघींनी एकमेकींना आयुष्यभर पाण्यात पाहिलं, आणि त्याचं कारण एक कॉफीचा डबा.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचं अख्खं खोरं कबरस्तानात जमतं. आम्ही त्याला डेकोरेशन म्हणतो. फावडी-खुरपी घेऊन जायचं, आपापल्या माणसांवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, मग झाडाखाली फळ्या टाकून तळलेली कोंबडी नि फळांचे गोड कॉबलर खायचे आणि मेलेल्यांची उणीदुणी काढायची. तर काका गेल्यापासून दर वर्षी त्या दिवशी, आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असायचं. काकाच्या डोक्याशी चंदेरी कागद गुंडाळलेला कॉफीचा डबा, त्यात जांभळे आयरिस. खोऱ्यात तसे गडद जांभळे आयरिस एकाच अंगणात होतात. मावशी सरळ तिथे जायची. तो डबा उचलायची, फाटकाशी जायची आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायची. व्हेडा आपल्या आईबापांच्या थडग्यापाशी उभी राहून बघायची. पुढच्या वर्षी पुन्हा डबा. पुन्हा पिंप. एकीनेही कधी सुट्टी घेतली नाही.

त्या बाईच्या दारात जायचं होतं. बर्लने अर्ज केला, कोर्टाची मार्चमधली तारीख पडली; मावशीने मात्र थंडी पडेपर्यंत चालढकल केली. मग एका शनिवारी तिने फोन केला: “बस काढ.”

“शाळेची?”

“तुझी मोटार गं! डोकं कुठे असतं तुझं?”

ती चर्चची टोपी घालून बसली होती, मांडीवर पीचचा कॉबलर, वरून फडकं झाकलेलं. व्हेडाच्या अंगणात शिरलो तेव्हा म्हणाली, “आपण सहज आलोय.”

“मावशी, तीस वर्षांत कुणी सहज आलेलं नाही इथे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं कशाला?”

“तू गप्प बस आणि कुत्री सांभाळ.”

व्हेडाने दार उघडलं. उंच बाई, वाकलेली नाही, पुरुषी शर्ट. तिने मावशीकडे पाहिलं, कॉबलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“कोण मेलं?”

“कुणी नाही,” मावशी म्हणाली. “आत घेणार आहेस की थंडीत मारणार आहेस?”

आम्ही आत बसलो. कॉफी आली. मावशी टोपी न काढता ताठ बसून राहिली आणि जे बोलायला आली होती ते एका दमात बोलली. कंपनी, परवाना, बर्ल, कोर्ट. शेवटी म्हणाली, “तर तू मार्चमध्ये कोर्टात येऊन खरं काय ते सांगायचं.”

“खरं काय ते तुला माहीत आहे का?” व्हेडाने विचारलं.

मावशीच्या हातातला कप बशीत जरा आवाज करून बसला. “मला ऑर्विलने सांगितलं ते माहीत आहे.”

“मग झालं तर.” व्हेडा खिडकीबाहेर बघत होती. “कंपनीचा माणूस आला होता माझ्याकडे. प्रेस्कॉट. चांगले बूट होते त्याचे. म्हणाला, बाई, तुम्ही नुसतं आठवत नाही म्हणालात तरी पुष्कळ आहे.”

“मग?”

“मी त्याला म्हटलं, मला आठवणं आवडतं.” तिने मावशीकडे तोंड वळवलं. “येईन मी. एक अट आहे. या मे महिन्यात माझा डबा उचलायचा नाहीस. एक दिवस राहू द्यायचास. संध्याकाळपर्यंत.”

मला वाटलं, एवढंच? हो म्हण आणि चल. चार वर्षांचे पैसे, नाव, सगळं एका डब्यावर सुटत होतं. पण मावशीचे ओठ पातळ झाले.

“त्याच्या डोक्याशी एका बाईचं नाव आहे,” ती म्हणाली. “तिथे एकाच बाईची फुलं राहतील. स्वतःला बायको म्हणवून घ्यायला मी बायकोपणाचा तुकडा तोडून देऊ होय? मग प्रेस्कॉटमध्ये आणि तुझ्यात फरक काय?”

“गरजवंत तू आहेस, ओपल.”

“आहे. पण अक्कल घरी ठेवून आलेले नाही.”

ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली, टेबलावरचा कॉबलर उचलला आणि तो घेऊन मोटारीत जाऊन बसली. मी व्हेडाकडे बघून काहीतरी पुटपुटले. व्हेडा हसत होती की नाही ते मला कळलं नाही.

वाटेत मी फार बोलले. मूर्खपणा, हट्टीपणा, हाताने पायावर धोंडा, जे सुचलं ते. मावशीने ऐकून घेतलं.

“झालं?” ती म्हणाली. “आता ऐक. बर्लला सांग, तिला समन्स पाठवायचं नाही. ओढून आणलेल्या बाईच्या तोंडून मला माझं लग्न ऐकायचं नाही. आणि सहीही करायची नाही. कोर्टात मी उभी राहीन. मला विचारतील, तू कोण? मी सांगेन. त्यांना पटलं नाही तर नाही पटलं, पण मी सांगितलेलं तिथे लिहिलं जाईल.”

“आणि हरलीस तर?”

“तर हरलेली बायको म्हणून मरेन. दावेदार म्हणून नाही.”

मार्चमध्ये कोर्टात मावशी उभी राहिली. जज्ज हॅल्सी ही आमच्याच काउंटीतली बाई, करडी पण ऐकून घेणारी. मावशीने काय ते सांगितलं. पंचेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये लग्न, पाद्री वॉरन, पाद्र्याच्या बायकोने दिलेली उसनी जाळीची ओढणी, तिला अडकलेला गुलाबाचा काटा. कंपनीचा वकील म्हणून उभा असलेला प्रेस्कॉट सभ्यपणे हसला. “बाईंच्या लग्नाबद्दल आम्हाला शंका नाही, जज्जसाहेब,” तो म्हणाला. “आधीच्या लग्नाबद्दल आहे. आधीचं मोडलेलं नसेल तर नंतरचं कितीही थाटात झालं तरी लग्न नव्हे.” मावशीचा चेहरा पांढरा पडला. मला त्या माणसाच्या चांगल्या बुटांवर बस घालावीशी वाटली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. व्हेडा स्पर्लॉक आत आली. पुरुषी शर्टाऐवजी निळा झगा, पायात मेंढ्यांच्या वाड्यातलेच बूट. तिला कुणी बोलावलं नव्हतं. प्रेस्कॉटच्या तोंडावर मात्र दिवा लागावा तसं हसू आलं. तो उठून तिच्यासाठी खुर्ची सरकवायला धावला. अट नाकारलेली बाई, सगळा पैसा तिच्या एका शब्दावर, आणि कंपनीचा वकील खुर्ची सरकवतोय.

तिने शपथ घेतली. प्रेस्कॉटनेच सुरुवात केली.

“मिस स्पर्लॉक, १९४३च्या मे महिन्यात तुम्ही आणि ऑर्विल लेडबेटर यांनी लग्नाचा परवाना घेतला. बरोबर?”

“बरोबर.”

“तुमचं त्यांच्यावर प्रेम होतं?”

“नसतं तर परवान्याचे पैसे कशाला घालवले असते?”

लोक हसले. जज्जबाईंनी वर पाहिलं, लोक गप्प झाले.

“आणि हे लक्षात घ्या,” प्रेस्कॉट आवाज मऊ करून म्हणाला, “की तुम्ही त्यांच्या पत्नी असाल तर या विहिरीतला त्यांचा वाटा कायद्याने तुमचा होतो. घाई करू नका. इतक्या वर्षांनी विसरणं साहजिक आहे. त्या दिवशी काय झालं?”

व्हेडाने हात मांडीवर ठेवले.

“थंडीआधी माझ्या दारात येऊनही तुम्ही हेच सांगितलंत, आठवत नाही म्हणा म्हणून. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला ठाऊक नसेल. त्या मे महिन्यात टर्टल ओढ्याला पूर आला होता. लग्न चर्चमध्ये, ओढ्यापलीकडे. ऑर्विल सुट्टीवर आलेला, चार दिवसांनी पलटणीत परत जायचा. तो त्या काठाला पाद्र्याबरोबर उभा. मी या काठाला, आईचा झगा घालून. मधे पाणी. तो ओरडला, उद्या उतरेल. मी म्हटलं, बरं. ऑर्विल पट्टीचा पोहणारा होता. मीही होते. लहानपणी त्याहून मोठ्या पुरात आम्ही पैजा लावून उतरलोय. त्या दिवशी दोघंही उतरलो नाही. तो घरी गेला, मीही गेले. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. तोवर आमचंही उतरलं होतं. दोघांनाही कळलं होतं, पण बोललं कुणी नाही. मग तो लढाईवर गेला, जखमी होऊन परत आला, आणि ओपलला भेटला.”

जज्जबाईंनी लेखणी खाली ठेवली.

प्रेस्कॉटचं हसू ओसरलं होतं, पण माणूस चिवट. त्याने एक फोटो काढला. “मग दर वर्षी त्यांच्या थडग्यावर फुलं कोण ठेवतं? हा डबा तुमचाच ना? तीस-बत्तीस वर्षं न चुकता! असं कोण करतं, मिस स्पर्लॉक? पत्नी करते.”

मी मावशीकडे पाहिलं. ती व्हेडाकडे बघत होती. व्हेडा पहिल्यांदाच अडखळली. आतापर्यंत ती ताठ बसली होती, आता तिचे खांदे किंचित खाली आले.

“ठेवत होते,” ती म्हणाली. “त्याला काही अर्थ नाही. मी त्याची बायको नव्हते. मी त्याची कोणीच नव्हते. लिहून घ्या तसं.” आणि टंकलेखन करणाऱ्या मुलीकडे वळून पुन्हा म्हणाली, “कोणीच नव्हते. लिहिलंस?”

पुढचं सगळं लवकर झालं. जज्ज हॅल्सींनी निकाल दिला: ओपल लेडबेटर ही ऑर्विल लेडबेटर याची विधवा पत्नी आणि एकमेव वारस. प्रेस्कॉट उठला. ठीक आहे, पण आजवर कागद स्वच्छ नव्हता, म्हणून व्याज सहा टक्केच, म्हणाला.

“मिस स्पर्लॉक विहिरीपासून किती लांब राहतात?” जज्जबाईंनी विचारलं.

“दीड मैल, जज्जसाहेब,” बर्ल म्हणाला.

“फोनच्या पुस्तकात नाव आहे?”

“आहे,” व्हेडा जागेवरून ओरडली. “मोठ्या अक्षरात!”

“मग मिस्टर प्रेस्कॉट, चार वर्षांत तुमच्या कंपनीने एकदा दार वाजवून प्रश्न विचारला असता तर कागद त्याच दिवशी स्वच्छ झाला असता. दार वाजवलंत ते तडजोडीचं पत्र धाडल्यावर, आणि तेही विचारायला नव्हे, विसरायला सांगायला. शंका तुम्ही पाळलीत, तिचा चारा लेडबेटरबाईंच्या पैशाने घालू नका. बारा टक्के, पहिल्या दिवसापासून.”

बर्लने मला मिठी मारली, मी बर्लच्या बायकोला मारली. मावशी उठली ती थेट व्हेडाकडे निघाली. पण व्हेडा दारातून बाहेर पडली होती. आम्ही पायऱ्यांवर पोचलो तेव्हा तिची जुनी पिकअप चौकातून वळत होती. मावशी रेलिंगला धरून बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. जिंकलेल्या बाईसारखी ती दिसत नव्हती.

एप्रिलमध्ये पैसे आले. चेकला जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘ओपल लेडबेटर, पत्नी’. मावशीने तेवढाच तुकडा कापून फ्रिजवर चिकटवला. मग पाथरवटाला बोलावलं आणि दगडावरच्या ‘१९’चे ‘२०’ करून घेतले. त्याने विचारलं, पुढचे आकडेही कोरू का, स्वस्त पडेल. ती म्हणाली, “मागल्या वेळी तुझ्या बापाने हेच सांगितलं होतं.”

मग मे उजाडला. डेकोरेशनच्या दिवशी मावशीने मला पहाटेच उठवलं. आम्ही कबरस्तानात पोचलो तेव्हा गवतावर अजून दव होतं. काकाच्या डोक्याशी काहीच नव्हतं. डबा नाही, फुलं नाहीत. मावशी दगडाच्या मागे जाऊन बघून आली. मग फाटकाशी जाऊन पिंपातही डोकावली.

हळूहळू खोरं जमलं. फावडी चालली, पोरं पळाली, फळ्यांवर कोंबड्या मांडल्या गेल्या, प्रूइटाने पिकअप नेमकी सावलीत लावली. व्हेडा आली, रिकाम्या हाताने, आणि आपल्या आईबापांच्या थडग्याजवळचं गवत उपटायला लागली. आमच्या बाजूला तिने पाहिलंसुद्धा नाही. मावशी काकाच्या दगडापाशी खुर्ची टाकून बसली होती, कुणी वाढून आणलेलं ताट मांडीवर तसंच. माणसं अभिनंदन करत होती. तिचं लक्ष नव्हतं.

शेवटी तिने ताट माझ्या हातात दिलं, काठी घेतली आणि सगळ्या लोकांच्या मधून सरळ चालत गेली. जेवणारे हात थांबले. बत्तीस वर्षांत या कबरस्तानात त्या दोघी एकमेकींच्या दहा पावलांत आल्या नव्हत्या.

“व्हेडा,” मावशी म्हणाली, “डबा कुठाय तुझा?”

व्हेडाने गवताची मूठ खाली टाकली. “आणला नाही.”

“का? मी अट मानली नाही म्हणून?”

“अट कसली घेऊन बसलीस.” व्हेडाने मातीचे हात झग्याला पुसले. “शपथेवर सांगितलं ना मी, त्याची कोणीच नव्हते म्हणून. लिहून घेतलंय त्यांनी. आता कुठल्या तोंडाने ठेवू?”

मावशीने काठी मातीत रोवली. मग मागे वळून माझ्याकडे ओरडली, “नेवा! मोटारीत मागच्या सीटखाली आहे, घेऊन ये.”

मी गेले. मागच्या सीटखाली कॉफीचा डबा होता, चंदेरी कागद नीट गुंडाळलेला. त्यात मावशीच्या अंगणातले पिवळे आयरिस. तिने तो कधी भरला, मला पत्ता नव्हता. मी आणून दिला तसा तिने तो व्हेडाच्या हातात कोंबला.

“जांभळे तुझ्याकडेच होतात, मी कुठून आणू?” ती म्हणाली. “आणि ऐक. कोर्टाने विचारलं होतं बायको कोण. ते ठरलं. तू कोण होतीस ते तिथे कुणी विचारलंच नव्हतं. उगाच जास्तीचं बोलून आलीस.”

व्हेडाची हनुवटी हलली. खोऱ्यातल्या कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहिलं असं कुणी कबूल करणार नाही, पण मी पाहिलं.

“चल,” मावशी म्हणाली. “मला वाकता येत नाही. तूच ठेव.”

दोघी चालत आल्या, एक काठी टेकत, एक डबा छातीशी धरून. सगळं खोरं ताटं घेऊन उभं. व्हेडा गुडघ्यावर बसली, दगडाच्या पायाशी माती जरा सारखी केली आणि डबा ठेवला. दोन्ही हातांनी तिने तो घट्ट दाबला.

मावशी मागे उभी राहून बघत होती.

“जरा डावीकडे सरकव,” ती म्हणाली. “माझं नाव झाकतंय.”